एक जूनचा जन्म

प्रिय अजिनाथ,

गेल्या बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला माझ्या मोबाईलवर एक फोन आला होता. तो तू केला होतास का, हे मला विचारायचं आहे. फोनवरच विचारलं असतं, पण तुझा जुना नंबर लागत नाही. एक बाई आधी इंग्रजीत, मग हिंदीत काहीतरी सांगते आणि फोन बंद होतो. आणि बुधवारचा तो नंबर मी माझ्याच हातानं अडवून टाकला. तो का अडवला हे सांगायला जरा मागून सुरुवात करावी लागेल. माझ्या डोक्यात सगळं एकात एक गुंतलंय, तेव्हा लिहिण्यात मागंपुढं होईल. तू सावकाश वाच. पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. गुडघे सोडले तर माझी तब्येत बरी आहे.

तुझा पत्ता इम्राननं दिला. शनिवारी सकाळच्या एसटीनं नगरला गेले आणि तिथून रिक्षानं नागापूरला. तुझ्या जुन्या कंपनीच्या गेटवरचा माणूस आत सोडेना. "आजी, पास हाय का?" म्हणाला. मी म्हटलं, पास नाही, पण माझा नवरा अशाच एका गेटवर बारा वर्षं बसलेला आहे, तेव्हा मला थांबायचं कसं ते माहीत आहे. त्याला हसू आलं आणि त्यानं स्वतःची खुर्ची दिली. जेवणाच्या सुट्टीत इम्रान बाहेर आला तो मला बघून घाबरलाच. "काकू, अज्या बरा हाय ना?" असं त्यानंच मला विचारलं. मी त्याच्याकडं तुझा पत्ता मागितला. अनुभवाचा दाखला पाठवण्यासाठी तू त्याला वापीचा पत्ता कळवला होतास, तो त्याच्या पाकिटात होता. फोन म्हणून तू खोलीखालच्या दुकानाचा नंबर दिला होतास म्हणे, तो त्यानं जपून ठेवला नाही. मला वडापाव खायला घातला आणि नगरच्या रिक्षात बसवून दिलं. गुणी पोरगा आहे.

घरी सगळं आहे तसंच आहे. तात्यांचा ड्युटीचा शिट्टीचा गोफ अजून खुंटीला आहे. तो काढावासा वाटत नाही आणि त्याच्याकडं बघावंसंही वाटत नाही. वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणते. दुपारी मोठ्यानं वाचते, कारण ते ऐकायचे ना, ती सवय मोडत नाही. मध्ये एखादा शब्द अडला की थांबते, आणि कुणी काही बोलत नाही म्हटल्यावर पुढं जाते.

तात्या गेल्यावर तू मला हा मोबाईल घेऊन दिलास आणि त्यात बँक घालून दिलीस. वहीत लिहून दिलंस, हिरवं दाबायचं, मग चार आकडे, मग थांबायचं. शेजारच्या गोजरबाईला तिच्या जावयानं नुसतं दाखवलं आणि ती दुसऱ्या दिवशी विसरली. मला वाचता येतं म्हणून मला लिहून मिळालं, याचा मला फार अभिमान होता. तुझ्या पहिलीच्या पुस्तकावर बोट ठेवून मी अक्षरं शिकले, तेव्हा तू हसायचास, आणि आता तूच मला लिहून देत होतास. पण बँक आपल्या अक्षरात बोलत नाही रे. रोज चार संदेश येतात, सगळे इंग्रजी. आले की मी बोट लावायची, म्हणजे ते लाल टिंब जायचं. त्यातच एखादा पैसे गेल्याचा असणार. मी त्यालाही बोट लावलं असेल.

वर्षश्राद्धाच्या स्वयंपाकासाठी पैसे काढायला गेले तेव्हा खात्यात काही नव्हतं. तात्यांच्या बारा वर्षांच्या नोकरीचं जे आलं होतं ते सगळं गेलं होतं. त्या आठवड्यात आपल्या घरी जे झालं ते तुला माहीत आहे. त्याचं पुढं लिहीन. आत्ताच लिहायला हात होत नाही.

तू गेल्यावर मी बँकेच्या मागं लागले. पैशासाठी म्हणशील तर ते थोडं होतंच. पण मला छापील कागदावर बघायचं होतं, पैसे गेले तर कुणाकडं गेले. वर्ष गेलं त्यात. पासबुक छापायचं मशीन बंद. मशीन चालू तर सर्व्हर बंद. दोन्ही चालू तर साहेब रजेवर. अर्जावर जिल्हा अहिल्यानगर छापलाय आणि माझ्या आधारवर अहमदनगर आहे, तर खिडकीवरचा म्हणाला, आधी ते जुळवून आणा. मी म्हटलं, बाबा, जिल्ह्याचं नाव सरकारनं बदललं, मी नाही बदललं. तर म्हणाला, "मावशी, मशीनला ते कसं सांगणार?"

टोल फ्रीवर मराठीसाठी तीन दाबा म्हणतात. तीन दाबलं की बाजा वाजतो. मग बऱ्याच वेळानं एक मुलगा येतो तो हिंदीच बोलतो, आणि पहिल्यांदा जन्मतारीख विचारतो. आता माझ्या आधारवर एक जानेवारी आहे. बँकेच्या कागदात तात्यांनी अंदाजानं एक जून टाकलेली. आणि खरी तारीख माझ्या आईलाही सांगता आली नसती. ती म्हणायची, तू झालीस तेव्हा बाजरी खुडायला आली होती. मी एक जानेवारी सांगितली. तो म्हणाला, "मॅच नहीं हो रहा." मग एक जून सांगितली, तर म्हणाला, "माताजी, आप अंदाज़ा लगा रही हैं क्या?" आणि माझ्याच सुरक्षेसाठी म्हणून खातं चोवीस तास बंद केलं. चोर आला तेव्हा उघडं होतं, मी आले तेव्हा बंद झालं.

एक जूनला तात्यांच्या नावानं वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. तेवढा एकच संदेश मराठीत होता. प्रिय सहादेवजी, आपणास निरोगी दीर्घायुष्य लाभो. त्याच बँकेत मी त्यांचा मृत्यूचा दाखला तीन वेळा दिलेला आहे. मी तो संदेश पुसला नाही. रागावून काही करावं असं वाटलं आणि पुन्हा वाचावासाही वाटला.

मग एक दिवस संदेश आला, त्याच्याखाली पाच चांदण्या होत्या. गोजरबाईचा जावई म्हणाला, सेवेला गुण द्यायचेत. मी पाचही चांदण्या पेटवल्या. कमी दिल्या तर खिडकीवर धड बोलणार नाहीत अशी भीती वाटली. पुढच्या खेपेला कळलं की माझी तक्रार निकाली निघाली आहे आणि मी सेवेवर पूर्ण समाधानी आहे.

हे मला सांगितलं ते नव्या आलेल्या कैनात मॅडमनी. नगरची मुलगी आहे, तुझ्यापेक्षा लहान असेल, पण सगळे मॅडम म्हणतात म्हणून मीही म्हणते. तिनं तक्रार पुन्हा उघडली. संक्रांतीनंतर पान छापून काढलं आणि एका तारखेवर पेनानं गोल केला. तात्यांना जाऊन महिना झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. पैसे तीन वेळा करून कुठल्या तरी परराज्यातल्या माणसाच्या खात्यात गेले होते. तिनं विचारलं, "मावशी, त्या दिवशी मोबाईलवर आलेला आकडा कुणाला सांगितला होता का?" मी नाही म्हटलं. चटकन म्हटलं. घरी येताना एसटीत मला सगळं आठवलं, असं तुला लिहिणार होते, पण खरं असं आहे की तिथं खिडकीशीच आठवलं होतं.

एक माणूस फोनवर बोलला होता. शुद्ध मराठी, आवाज मऊ. "काकू, सहादेवकाका गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. काकांच्या विम्याची रक्कम अडकू नये म्हणून फोन केला." जेवलात का, असंही विचारलं. तात्या गेल्यापासून बँकेतलं कुणी माझ्याशी तसं बोललं नव्हतं. मी रडले त्याच्यापाशी, अजिनाथ. माझं रडणं होईपर्यंत तो थांबला. मग मोबाईलवर आलेला आकडा विचारला आणि मी तो सांगितला. तो पैसे येणार म्हणाला होता, म्हणून जाण्याशी त्याचा संबंध माझ्या डोक्यात कधी आलाच नाही. चांगला माणूस म्हणून मी त्याची दोन वर्षं आठवण ठेवली होती. हे मला अजून कळत नाही. इतकं थांबून ऐकणारा माणूस चोर कसा असतो?

आता वर्षश्राद्धाचं लिहिते. पंगत बसली होती. सगळ्यांना वाढून झाल्यावर तू शेवटी बसला होतास, आणि मी तुझ्या पानात वाढता वाढता सगळ्यांसमोर म्हटलं, चार आकडे आपल्या दोघांनाच माहीत, मी तर काढले नाहीत. रंगनाथभाऊजी म्हणाले, "शिकलेलं पोरगं हाय वहिनी, बोटावर बँक फिरवतंय." लोक हसले. तू माझ्याकडं बघितलंस. मी तेव्हा बोलायला हवं होतं आणि मी पातेलं घेऊन पुढं गेले. तू हात धुतलास आणि चारच्या गाडीनं गेलास. तुझं पान तसंच होतं. मला वाटलं, संध्याकाळी फोन करील. त्याला आता चौदा महिने झाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बँकेत जाऊन मी कैनात मॅडमना खरं सांगितलं. ती रागावली नाही. पैसे परत मिळायची मुदत केव्हाच गेली म्हणाली. मग तिनं मला बाजूला बसवून समजावलं की आता चोर आवाजही खोटा काढतात. मुलाच्या आवाजात आई म्हणतात, रडतात, अपघात झाला म्हणतात. तिच्या ओळखीत एका शिक्षकांना असं फसवलं होतं. "आवाजावर जाऊ नका मावशी. कागदावर कुठंच नसलेला एखादा प्रश्न ठरवून ठेवा. उत्तर चुकलं की फोन ठेवा, नंबर अडवा." विचारताना बँकेसारखं 'आपली अमुक माहिती सांगा' असं म्हणायचं, हेही तिनं पाठ करून घेतलं. तुझा नंबर तर मी त्याच दिवसापासून लावत होते, तुला खरं सांगावं म्हणून, आणि ती बाई इंग्रजीत बोलत होती.

मी प्रश्न ठरवला तो तुझ्या जन्माचा. तुझा जन्म भोगीचा. कोपरगावकडं कारखान्यावर ऊस तोडायला गेलो होतो, पाचटाच्या कोपीत झालास. शेजारच्या कोपीतल्या बाईनं तव्यावर तिळाची भाकरी टाकली होती ती तशीच सोडून धावत आली आणि भाकरी करपली, म्हणून पुढं कित्येक वर्षं भेटली की तुला करप्या म्हणायची. शाळेत घालताना गुरुजींनी वर्गातल्या सगळ्यांची लावली तशी तुझीही एक जून लावली. घरात आपण ती कधी मानली नाही. भोगीला पहिली भाकरी तुझी, लोणी घालून. हे कुठल्या कागदावर आहे? म्हणून मला वाटलं, याच्यासारखा प्रश्न नाही.

बुधवारी मी ओट्यावर हरभरा सोलत होते. फोन वाजला आणि त्याचा चेहराच लाल झाला, वर मराठीत लिहिलेलं, फसवा असू शकतो. मी उचलला. मागं कसली तरी घरघर होती. मग आवाज आला, "आई." आणि जरा थांबून, "आई, मी अजिनाथ." आवाज जड होता, सर्दी झाल्यासारखा. माझ्या हातातला हरभऱ्याचा घाटा खाली पडला. मला बोल म्हणायचं होतं. पण मी एवढी घाबरले होते, की तोंडातून पाठ केलेलंच आलं. "आपली जन्मतारीख सांगा." पलीकडं नुसती घरघर चालू. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा तो म्हणाला, "एक जून एकोणीसशे नव्वद. आई, काय झालं?" आणि मी ओरडले. चोरा, माझ्या पोराचा आवाज काढतोस, तुला लाज नाही का वाटत, माझं घर एकदा फोडून पोट भरलं नाही का. बरंच बोलले. गोजरबाई भिंतीपलीकडून आली तेवढ्या आवाजानं. तो मध्ये बोलला नाही. मी दम घ्यायला थांबले तेव्हा हळूच "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. मी लगेच शिकवल्याप्रमाणे नंबर अडवला.

मला त्या दिवशी फार छान वाटलं होतं रे. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं होतं. गोजरबाई म्हणाली, "लंकाबाई, तुझी बँकेनं फोटो लावून पूजा केली पाहिजे." गुरुवारी मी मुद्दाम बँकेत गेले सांगायला. कैनात मॅडम कामात होत्या तरी उठून म्हणाल्या, "शाब्बास मावशी, आता तुम्हीच गावातल्या बायकांना शिकवा." मी समोरच्या बाकावर बसले, ऐटीत. निराधारच्या पैशांची रांग होती, त्या एकेकाचा अर्ज भरत होत्या. पहिल्या म्हाताऱ्याला म्हणाल्या, जन्मतारीख? तो म्हणाला, एक जून. मग एक बाई. एक जून. तिच्यामागं कानिफनाथ न्हावी, तोही एक जून. मॅडम हसून म्हणाल्या, "काय हो, तुमच्या तालुक्यात बाकीचे दिवस नाहीत का?" सगळी रांग हसली. मी मात्र बाकावरून उठले. आपल्याकडं जन्मतारीख हा शब्द उच्चारला, की कुणाच्याही तोंडून तीच येणार. आपण भोगी सांगतो ते घरात, आई विचारते तेव्हा. आणि तुला तर आई विचारतच नव्हती. आपली जन्मतारीख सांगा, असं कोण म्हणतं आपल्या पोराला?

अडवलेल्या नंबरांची यादी गोजरबाईच्या जावयानं काढून दिली. त्यात सत्तेचाळीस नंबर निघाले. महिनाभर मी दिसेल तो अडवत होते. बुधवारी कुठला आला होता ती नोंद मी पुसून टाकलेली, म्हणून एकेक लावून बघितला. काही लागत नाहीत, आणि जे लागतात ते कर्ज हवंय का विचारतात. त्या दिवसापासून मला कळत नाही, मी काय मागावं. तो चोर असेल, तर तुला माझं ते बोलणं ऐकावं लागलं नाही. तसंच असू दे म्हणते. लगेच वाटतं, मग चौदा महिन्यांनंतरही तू फोन केलाच नाहीस. तो तू असशील, तर तू मला आई म्हणालास, आणि मी तुला काय म्हणाले? दोन्हीकडून माझंच जातं. चोर असता तर पैशाचं काही बोलला असता, असंही मनात येतं. पण मी त्याला बोलू कुठं दिलं?

विचारायला पत्र लिहिते, असं मी वर म्हटलं. एवढं लिहून झाल्यावर वाटतं, उत्तर मला माहीत आहे. चोर "बरं" म्हणून फोन ठेवत नाही. तेव्हा विचारत नाही, सांगते. तात्यांचे पैसे मी घालवले, तू हातही लावला नव्हतास. काल रविवारी भाऊजींच्या ओट्यावर, पंगतीला होते तेवढ्या सगळ्यांना बोलावून मी हे उभं राहून सांगितलं. भाऊजी म्हणाले, "झालं गेलं वहिनी, आता कशाला उगाळता?" मी म्हटलं, तुमचं झालं गेलं, माझं पोरगं गेलंय. तू मला माफ करावंस असं मी लिहीत नाही, ते तुझं तू बघ. फक्त फोन कर. दुकानातून कर, कुणाच्याही मोबाईलवरून कर. सत्तेचाळीस नंबर मी सगळेच्या सगळे मोकळे केले आहेत. यापुढं फोन लाल होवो नाहीतर काळा, पलीकडून आई असं ऐकू आलं की मी "बोल बाळा" म्हणणार आहे, दुसरं काही विचारणार नाही. कैनात मॅडमना हे सांगितलेलं नाही. त्यात चार चोरांचं फावलं तर फावू दे. त्यांच्यात एकदा तू असशील.

चुकली तरी तुझीच,
आई